बारदानाचा कोट

कोट दोन किलो दोनशे ग्रॅम भरला. मी डाळ मिलमध्ये आवक-जावक बघतो, त्यामुळे घरात आलेली वस्तू काट्यावर ठेवून बघायची मला सवय आहे. बायको त्यावरून बोलते, मी ऐकून घेतो. कोटाची बाही माझ्या हाताच्या बोटांपुढे वीतभर जात होती. माझी मुलगी तो घालून उभी राहिली तेव्हा आत आणखी एक माणूस सहज मावला असता. आणि कापड बारदानाचं होतं. आमच्या मिलच्या पोत्यासारखं खरबरीत नव्हे. ताग बारीक कातलेला, वीण घट्ट, कुठे गाठ नाही. पण ताग तो तागच. त्याला आतून साईच्या रंगाचं रेशमी अस्तर लावलेलं होतं.

कोट मुंबईच्या एका मोठ्या फॅशन कंपनीने पाठवला होता. विकत नव्हे आणि भेटही नव्हे. मुलीने तो घालून त्यांच्यासाठी एक छोटी फिल्म करायची आणि काम झालं की कोट परत द्यायचा, असं ठरलं होतं. किंमत मी तिला विचारली, तिने सांगितली नाही. मग मी फोनवर त्या कंपनीचे असेच कोट बघितले आणि फोन बंद केला.

मुलगी रॅप करते हे मला घरात सगळ्यांत शेवटी कळलं. बी.कॉम. झालेली, एका गाड्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर बसणारी मुलगी. घरात फार बोलत नाही. एके दिवशी मिलमधल्या हमालाने मला त्याच्या फोनवर व्हिडिओ दाखवला, "साहेब, ही तुमची पोरगी ना?" गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ती उभी होती. अंगात माझा मिलचा खाकी शर्ट, गुडघ्यापर्यंत आलेला, बाह्या दुमडलेल्या. आणि ती अहिराणीत बोलत होती. बोलत म्हणजे, श्वास न घेता, ठेक्यात, समोरच्याला जाब विचारल्यासारखं.

आमच्या घरात अहिराणी कोणी बोलत नाही. मी धुळे जिल्ह्यातला, पण जळगावात आल्यावर ऑफिसची भाषा बोलू लागलो आणि तीच राहिली. बायको बोदवडकडची, तिची बोली वेगळी. मुलीने अहिराणी उचलली ती माझ्या थोरल्या बहिणीकडून. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती शिंदखेड्याला असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी तिच्याकडे राहायची. अक्का भांडायला लागली की गल्ली गप्प होते. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं तर ती त्याला नुसती शिवी देत नाही. त्याच्या म्हशीपासून सुरू करते, त्याच्या आजोबापर्यंत जाते, आणि सगळं यमकात. मुलगी पायरीवर बसून ते ऐकायची. तिच्या गाण्यात अक्काचा तोच श्वास होता. त्यातल्या दोन ओळी मला पाठ झाल्या होत्या:

"तठे बठ्ठं शे, आठे काही नही,
आठे मी शे, तरी माले कोनी पुसत नही."

तिकडे सगळं आहे, इकडे काही नाही. इकडे मी आहे, तरी मला कोणी विचारत नाही. एवढाच अर्थ. पण ती म्हणायची तेव्हा ऐकणाऱ्याला आपलंच काही चुकलंय असं वाटायचं.

तो व्हिडिओ त्या फॅशन कंपनीपर्यंत कसा गेला ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं. त्यांच्या एका बाईचा फोन आला. कपडे कोणी कसे घालायचे हे ठरवण्याचं काम ती करते, तिला स्टायलिस्ट म्हणतात. ती म्हणाली, तुझा तो मोठा शर्ट आणि ती पोती, दोन्ही फार आवडली. आम्ही बारदानाचे कोट काढतोय. तू जळगावातच, त्याच गोदामात, कोट घालून गा. तुझ्याच गाण्यावर फिल्म करू.

तुझ्याच गाण्यावर, हे शब्द मुलीने मला तीनदा सांगितले.

मला ही भानगड कळत नव्हती. रविवारी जेवताना मी विचारलं, "पोत्याचा कोट मोठी माणसं घालतात?"

"पप्पा, हे रॅपमधूनच आलंय सगळं. ढगळ कपडे, बूट, साखळ्या. तिकडे अमेरिकेत गरीब वस्तीतली पोरं गायची ना, ती मोठ्या कंपन्यांची नावं गाण्यात घ्यायची. फुकट."

"कंपन्यांनी सांगितलं होतं?"

"छे! कंपन्यांना तर नको होती ती पोरं. दुकानात शिरली की वॉचमन मागेमागे फिरायचा, चोरतील म्हणून. आता त्याच कंपन्या त्यांना बोलावतात. शोला पहिल्या रांगेत बसवतात."

"गायला?"

"बसायला."

"मग गातं कोण?"

"पप्पा, तुम्ही ना, जेवा."

बायको म्हणाली, "तुमच्या हिशोबात बसत नाही ते सगळं खोटं का?" मी जेवलो. पण मुलगी हसत होती, आणि तशी हसलेली मी तिला शोरूमला लागल्यापासून पाहिली नव्हती. तिने शोरूममध्ये चार दिवसांची सुट्टी टाकली होती. मॅनेजर म्हणाला होता, परत आलीस तर नोकरी असेल, नाही आलीस तर पेढे पाठव. मुलीने मला हळूच सांगितलं, "फिल्ममध्ये माझा आवाज एकदा लोकांनी ऐकला की मी ते काउंटर सोडणार." म्हणजे सगळं त्या आवाजावर टांगलेलं होतं. मला ते कळलं होतं आणि मी मनातल्या मनात दिवस मोजत होतो.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी अक्का सुरतकडून येणाऱ्या पॅसेंजरने आली. कोणी बोलावलं नव्हतं. भाचीचा फोटो निघणार म्हणून आली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि खुडा, म्हणजे आमच्याकडचा ठेचा, करायला मिरच्या. कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता. अक्काने लांबूनच बघितला.

"हाई काय शे भाऊ? पोतं वाळाले टाकं का?"

"कोट आहे अक्का. उद्या ही घालणार आहे."

अक्का जवळ गेली. कापड चिमटीत धरलं, सोडलं. "इतली शिकनी, आनि पोतं घालशी? तुना बाप मिलमा पोता मोजस, तू आंगवर घाल!"

मुलगी हसून तिच्या गळ्यात पडली. "आत्या, हे पोतं विमानाने आलंय."

"मंग विमानमाच ठेवनं व्हतं."

मग अक्का आंघोळ करून देवापुढे बसली, मुलगी गोदामात जागा बघायला गेली, आणि मी मिलमध्ये गेलो. दुपारी जेवायला आलो तेव्हा मुलगी कोट उलटा करून जमिनीवर बसली होती. कॉलरच्या आत, रेशमी अस्तरावर, दोन बोटं उमटली होती. एक हळदीचं, एक कुंकवाचं.

यात अक्काचं काही वेगळं नव्हतं. आमच्याकडे नवं कापड कोरं अंगावर चढत नाही. साडी असो, मुलाचा शाळेचा शर्ट असो, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लागतं आणि मग घडी मोडते. माझ्या लग्नाच्या सफारीच्या आत अजून तो डाग आहे. लोक तो मुद्दाम आत लावतात, बाहेरून दिसू नये म्हणून. अक्काने अगदी रीतीप्रमाणे, जपून, आतच लावला होता. कोट दुसऱ्याचा असू शकतो, हे तिच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. घरात आलेलं आणि भाचीच्या मापाचं म्हणून आणलेलं कापड दुसऱ्याचं कसं असेल?

"माप तरी कुठं शे तिना!" असं ती नंतर म्हणाली, ते खरंच होतं.

मुलीने अक्काला काही म्हटलं नाही. मला म्हणाली, "स्टेशन रोडच्या ड्रायक्लीनवाल्याला विचारलं मी. तो म्हणतो कुंकू जाईल, हळद फिकी होईल. आत आहे पप्पा. कॉलर वर ठेवली की कोणाला दिसणार नाही. उद्याचा दिवस निघून जाऊ दे, परत देताना सांगू."

"आज सांगायला हवं."

"का?"

"वस्तू त्यांची आहे. आणि ड्रायक्लीनवाल्याने बिघडवला तर आणखी वाईट."

"पप्पा, ते काम रद्द करतील."

"करणार नाहीत. खरं सांगितलं की माणूस समजून घेतो."

तिने त्या बाईचा नंबर लावला. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुम्हीच सांगा." मी सांगितलं. आलेल्या मालात खोट निघाली तर पावती देण्याआधी सांगायचं असतं, एवढंच मला येतं. आजही मी तोच फोन करीन. पण त्या दुपारी डाग झाकला असता तर पुढे काय झालं असतं, याचा हिशोब मी बऱ्याचदा केला आहे, आणि तो दर वेळी मुलीच्या बाजूने सुटतो.

स्टायलिस्ट बाईने सगळं ऐकून घेतलं. मग हिंदीत म्हणाली, अंकल, फोटो पाठवा. मुलीने फोटो काढून पाठवला. मी, बायको आणि मुलगी त्या फोनकडे बघत बसलो. अक्का दारात उभी होती आणि तिला काय झालं ते अजून कोणी सांगितलं नव्हतं.

उत्तर आलं. मुलीने वाचलं. तिच्या तोंडावर आधी सुटका दिसली, मग न कळल्यासारखं काहीतरी.

"त्यांना आवडलं," ती म्हणाली. "खूप आवडलं. कुणी केलं विचारतात. आत्या उद्या थांबेल का विचारतात."

बायकोने देवापुढे साखर ठेवली. मी जिंकल्यासारखा मिलमध्ये परत गेलो.

दुसऱ्या दिवशी स्टायलिस्ट बाई धरून कंपनीची सहा माणसं आली. मालकाने गोदाम संध्याकाळी पाचपर्यंत दिलं होतं. पाचनंतर पाचोऱ्याकडचा माल उतरणार होता. ठरल्याप्रमाणे सकाळी गाणं, दुपारी बाकीचं. पण गाड्या आधी आमच्या घरापुढे थांबल्या. त्यांनी आणखी दोन कोट आणले होते, डाग नसलेले. त्यांचा दिग्दर्शक म्हणून जो पोरगा होता, तो अक्काच्या पाया पडला आणि म्हणाला, आँटी, काल जसं केलंत तसं फक्त एकदा करा.

एकदा म्हणजे किती ते मी मोजायचं सोडून दिलं. आधी अंगणात, मग देवघरात, मग खिडकीशी. बोट हळू. अजून हळू. आता फक्त हात, आँटी, चेहरा बाजूला घ्या. हिरव्या बांगड्या घाला. या नको, जुन्या दिसणाऱ्या. शेजारणीच्या बांगड्या आणल्या. अक्का आधी लाजली, मग रंगात आली.

"लगीनमा बी इतला येळ लागत नही भाऊ! नवरदेव पळी जाई."

सगळे हसले. पोराला अर्थ कळला नव्हता, तोही हसला.

मुलगी तयार होऊन ओट्यावर बसली होती. केस तसेच, चेहऱ्याला काहीतरी लावलेलं, अंगात कोट. उन्हाळा नव्हता, पण त्या अस्तराने तिला घाम येत होता आणि घामाचा डाग नको म्हणून एक मुलगी तिला हातपंख्याने वारा घालत होती. ती ओठांतल्या ओठांत गाणं म्हणत होती. मधेच उठून तिने विचारलं, "गोदाम?"

"बस, दो मिनट."

आम्ही गोदामात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. उजेड वरच्या जाळीतून तिरका येत होता. तो त्यांना फार आवडला, पण फार वेळ टिकणार नव्हता. तिला थप्पीवर उभं केलं. पाठमोरी. चाल. वळू नको. पुन्हा. आवाज घेणारा माणूस कानाला लावलेलं यंत्र काढून म्हणाला, मागे मोटर चालू आहे, आवाज साफ येणार नाही. ती आमची भरडाईची मोटर. ती पाचपर्यंत बंद होत नाही, आणि पाचनंतर गोदाम आमचं नव्हतं. मी मुनीमजींकडे गेलो. ते मारवाडी, भले माणूस, म्हणाले, "भाऊ, तुमच्यासाठी दहा मिनिटं बंद करतो, पण शेठ आला तर तुम्ही मला ओळखत नाही."

मोटर बंद झाली. मुलगी समोर वळली आणि गायली. एकदाच. मी हमालांबरोबर दारात उभा होतो. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ती कुठे अडली नाही. पोती उतरवणारे दोघं हात थांबवून ऐकत होते. अक्का तोंडाला पदर लावून म्हणाली, "मनाच सबद शेत भाऊ, पन माले इतलं चांगलं कधी जमनं नही."

स्टायलिस्ट बाई तेव्हा फोनमध्ये सकाळचे अक्काच्या हाताचे फोटो बघत होती. दिग्दर्शक म्हणाला, सुंदर, आवाज काही बसला नाही तर तू स्टुडिओत केलेलं रेकॉर्डिंग आहेच. मोटर चालू झाली. कोट घडी न घालता, हँगरवर, कापडी पिशवीत गेले.

फिल्म बऱ्याच आठवड्यांनी आली. मुलगी शोरूममध्ये होती. तिने मला मिलमध्ये फोन केला नाही. फिल्म मी हमालाच्याच फोनवर बघितली. पाऊण मिनिटाची होती. सुरुवातीला अक्काचा हात, इतका जवळून की नखाची रेघ दिसत होती. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट. मग बारदान. मग एक परदेशी मॉडेल, तोच कोट, कुठल्यातरी पांढऱ्या भिंतीपुढे. मग आमचं गोदाम, तिरका उजेड, पोत्यांवर पाठमोरी एक मुलगी. खाली संगीत होतं: ठोका, आणि मधेमधे कोणीतरी बाई हं हं करत होती. हुंकार कोणाचा ते मला ओळखता आलं नाही. माझ्या मुलीचा नव्हता. शेवटी बारीक अक्षरांत जळगाव लिहिलं होतं.

हमाल म्हणाला, "साहेब, यात गाणं कुठंय?"

मुलीने त्यांना विचारलं होतं. बाई चांगलं बोलली. तुझं गाणं आम्हाला सगळ्यांना आवडलं, म्हणाली, पण ही भाषा बाहेर कोणाला कळणार नाही, आणि त्या हाताच्या शांतपणावर ते बसत नव्हतं. तुझी ऊर्जा मात्र त्यात आहे. ठरलेलं मानधन वेळेवर आलं, एक रुपया कमी नाही. त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही.

शिंदखेड्यात अक्काचा मान वाढला. बायका तिच्याकडून लग्नातल्या साड्यांना बोट लावून घेऊ लागल्या, तुझा हात कंपनीचा म्हणून. ती भाचीला फोन करायची. भाची उचलायची नाही. मग ती मला करायची.

"मी काय करं भाऊ? त्यास्नी सांगं, मी करं. माले वाटनं पोर बी शे त्यामा."

"तुझं काही चुकलं नाही अक्का."

"मंग बोलस का नही ती?"

 मुलगी अक्कावर रागावलेली नव्हती, माझ्यावरही नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, राग उतरतो. ती फक्त लिहीनाशी झाली. आधी कामावरून आली की गच्चीत फेऱ्या मारत पुटपुटायची. आता यायची, जेवायची, फोन बघायची. मी एकदा म्हटलं, "दुसरं गाणं कर. आपण मोटर बंद असेल त्या दिवशी जाऊ." ती म्हणाली, "पप्पा, कोट नसला तर कोण बघतंय? आणि कोट असला तर कोण ऐकतंय?" तिचा आवाज चढलाही नव्हता. दोन्ही बाजूंनी मांडून बघितलं तरी तिचं चूक निघत नव्हतं.

मग स्टायलिस्ट बाईचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या एका कंपनीला खानदेशात काम करायचं होतं. त्यांना बायका हव्या होत्या, घरं, ओटे, हात. अशी माणसं शोधून फोटो पाठवणारं कोणीतरी स्थानिक हवं होतं. तुला कपड्यांची नजर आहे, बाई म्हणाली. मुलीने शोरूम सोडलं. ते काउंटर ती सोडणार होतीच; सुटलं ते असं. मॅनेजरला पेढे मीच नेऊन दिले. तो म्हणाला, "म्हणजे गाणं चाललं?" मी म्हटलं, "काम मिळालं."

हल्ली रविवारी मी तिला स्कूटरवर नेतो. मागच्या महिन्यात आम्ही बोदवडजवळच्या एका गावात गेलो, बायकोच्या लांबच्या नात्यातल्या एका मावशींकडे. त्यांना निरोप गेलेला होता. त्या दारातच बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, केसांना तेल, तोंडाला पावडर, आणि सून मागे उभी राहून हसत होती. मुलीने अंगणात फिरून उजेड कुठून येतो ते बघितलं. पाट भिंतीशी ठेवायला सांगितला. मावशी पाटावर बसल्या, मान ताठ केली आणि फोनकडे बघत राहिल्या.

मुलगी खाली बसली. शुद्ध, मऊ आवाजात म्हणाली, "मावशी, चेहरा नकोय. फक्त हात."

मावशींना आधी कळलं नाही. मग त्या सुनेकडे बघून म्हणाल्या, "अवं माय, मी त सकाळपासून तोंड धुऊन बसली."

सून मोठ्याने हसली. मला वाटलं मुलगी काहीतरी बोलेल. अक्काच्या तालमीतल्या मुलीला अशा वेळी शब्द कमी पडायला नको होते.

"चालेल," ती म्हणाली. "पदर थोडा मागे घ्या, आणि हात असे पुढे करा."